राखीव

सर्व्हर उठतो तेव्हा सगळ्यात आधी
दोनशे छप्पन्न एमबी बाजूला निघतात.
बूटच्या ओळीत मीच तसं लिहून ठेवलंय.
पुढं एकूण मोजली की तेवढी कमी भरते.

मन्मथप्पांनी ते धरलं.
उदगीरच्या डाळ मिलचा हिशेब त्यांच्याकडं,
पोत्यामागं पावशेर घटला तरी झोप नाही.
"आठ जीबीचे पैसे दिलेत. हे कुठं मुरलालेत?"
राखीव आहेत, म्हटलं.
"कुणासाठी?"
जो अजून उठलाच नाही त्याच्यासाठी.
चष्म्यावरून बघत राहिले.

तीन वर्षं ती जागा रिकामी.
तुरीच्या हंगामात काट्यावर ट्रकामागं ट्रक,
मेमरी काठोकाठ,
तरी तिथं कुणी पाय ठेवला नाही.

शनिवारी रात्री दोन अकराला
तो पडला. पडदा थिजला, पंखे फिरतच होते.
आणि त्या कोपऱ्यात
दुसरा कर्नेल उठला, बारका,
अंगावरच्या कपड्यांनिशी.
शेजारचं काही हलवलं नाही त्यानं.
जे पान जिथं जसं पडलं होतं
तसं डिस्कवर उतरवलं.
पंचनामा.
मग मशीन पुन्हा चालू करून दिलं
आणि त्यातच स्वतःही गेला.

सकाळी फाइल वाचली:
काट्याच्या कार्डाचा ड्रायव्हर,
सोडून दिलेल्या जागेत परत हात घातलेला.

मन्मथप्पा मागं उभे. "घावलं?"
घावलं.
त्यांनी वही काढली, आठ जीबीच्या खाली लिहिलं,
राखीव, २५६.
रकमेचा रकाना
तसाच सोडला.