पाचवं भोक

रविवारी सकाळी सव्वासात.
डिचोलीच्या अलीकडे, बंद पडलेल्या चिऱ्यांच्या खाणीत
तीन रायफली पत्र्याच्या टेबलावर.
पॉईंट टू टू. पन्नास मीटर.
वाळूची पिशवी तीच, खांदा आग्नेलचाच,
कागद एकाच गठ्ठ्यातले.
वारा तेवढा आमच्या हातचा नाही,
तो काजूच्या बागेतून येतो बोंडांचा आंबूस वास घेऊन,
आणि खुंटीवरची कापडी पट्टी
कधी डावीकडे उडते, कधी नुसतीच लोंबते.

माझं काम कॅलिपर धरण्याचं.
सव्वीस वर्षं लोहखनिजाच्या खाणीत पातळ्या मोजल्या,
आता भोकं मोजतो.
सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर,
मध्यापासून मध्यापर्यंत, पेन्सिलीनं.

पहिली क्लबची. दस्ता खरचटलेला,
ढिला स्क्रू फ्लावियानं दोन रुपयांच्या नाण्यानं आवळला.
एकवीस मिलिमीटर.

दुसरी डॉक्टर केंकऱ्यांची, परदेशी.
किंमत त्यांनी बायकोला एक सांगितली आहे, आम्हाला दुसरी.
नऊ पूर्णांक चार.
पाचही एका शेंगदाण्याखाली झाकतील,
फक्त काळ्या ठिपक्याच्या बाहेर, वर, उजवीकडे.
डॉक्टर म्हणाले, काडतुसं स्वस्तातली.
मी म्हटलं, दुर्बीण चार टिचक्या फिरवा.
घट्ट बसणं वेगळं, नेमकं बसणं वेगळं.
न हलता एकाच जागी चुकत राहणारी माणसं
मी पुष्कळ पाहिली आहेत,
त्यांच्या हाताखाली काम केलं आहे.

तिसरी आग्नेलच्या बापाची.
गालाच्या जागी अक्रोडाचं लाकूड घामानं काळं.
दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा होते,
दर वेळी गंजाचा एक नवा ठिपका घेऊन घरी येते.
तिला महागाचं काडतूस मानवत नाही.
नळी पुसून आणलेली चालत नाही;
पुसल्या नळीची पहिली गोळी कुठेही जाते,
बाप सांगून गेला होता.

या काडतुसांचं मला नवल वाटतं.
पिन मधोमध पडत नाही, कडेवर पडते,
पितळेच्या काठाला चिमटा बसतो, तेवढ्यानं पेट घेतं सगळं,
आणि कडेवर घाव खाल्लेलं ते
मध्य शोधत जातं.

एक. दोन. तीन. चार.
चार गोळ्यांचं मिळून एकच फाटकं भोक, दहाच्या आत.
फ्लावियानं श्वास धरलेला, आग्नेलनं सोडलेला.
पाचवीच्या वेळी काही घडलं नाही.
ट्रक गेला नाही, पट्टी हलली नाही.
तरी ती गेली डावीकडे, दोन बोटं लांब, एकटी.
काठात मसाला कमी भरला असेल.
पावसाचा नेम नाही, माणसाचा नेम नाही
असं आपण सहज म्हणतो,
बंदुकीच्या बाबतीत मात्र जीभ अडते.

"ती पांचवी धरूं नाका रे," आग्नेल हळूच म्हणाला.
बापाचीच रायफल ती. मला कळलं.

एकदा मीही एक आकडा धरला नव्हता.
उत्तरेच्या उताराचा, बाकीच्यांशी न जुळणारा.
साहेब म्हणाले, यंत्र हललं असेल.
यंत्र हललं नव्हतं.
श्रावणात तो उतार खाली आला,
खालच्या वायंगणात तीन वर्षं
लाल चिखलाखेरीज काही उगवलं नाही.
माणूस कोणी गेलं नाही, म्हणून कुठे लिहिलंही गेलं नाही.

हे मी आग्नेलला सांगितलं नाही.
कॅलिपर उघडला. छत्तीस पूर्णांक दोन, लिहिलं.
तो पेन्सिलीकडे बघत राहिला,
मग थर्मासमधला चहा त्यानं
पहिल्यांदा मला ओतला.

फ्लाविया कागद उन्हात धरून
एक डोळा मिटून
पाचव्या भोकातून बघत होती.
"काय दिसतं गो?"
"थांबा," ती म्हणाली, "हलवू नका."
कागद तिच्याच हातात होता.