आवक

सरवट्यावरून पहाटेची भोपाळची बस.
महक तलरेजाच्या मांडीवर फाइल,
फाइलवर पोह्यांचं जिरावण सांडलेलं.
एकशे बारा सह्या, सगळ्या विशीच्या आतल्या.
जन्म: घोटकी. मुक्काम: पलसीकर कॉलनी.
दर दोन वर्षांनी मुदतवाढ,
आणि 'मूळ निवासी' हा रकाना कोरा.

माझा खापरपणजोबा
होळकरांच्या तोफेमागे बैल हाकत आला साताऱ्याकडून.
नर्मदेवर त्याला कुणी कागद मागितला असेल?
मी मात्र मूळ.

समितीने तीन मिनिटं दिली.
"बेटा, मूळची कुठली?"
"तेच तर तुम्ही ठरवायचंय."
कुणीतरी हसलं.

बाहेर कारकुनाने अर्जावर शिक्का मारला, तिरका:
आवक.
शाईवर फुंकर घालत
ती म्हणाली,
बघ, कागद तरी आत घेतला.