कायमचे बंद

भाच्याने फोन पुढे धरला.
"मामा, नकाशात तुम्ही बंद आहात."
मी गॅस्केट बसवत होतो, बोटांना तेल,
म्हटलं, वाच.
"पुंडलिक कुकर दुरुस्ती, भांडी बाजार, नाशिक."
आणि खाली लाल अक्षरांत:
कायमचे बंद.

कायमचे.
हा शब्द आमच्या घरी
डॉक्टरसुद्धा चपला घालता घालता, हळू बोलले होते.

सकाळी साडेनऊला शटर मीच वर केलं,
अर्ध्यात अडतं तिथे गुडघा लावून.
पंचवटीच्या एका काकूंनी शिट्टी नेली, वीस रुपये.
बंद माणसाची बोहनी होते का?

बातमी पसरायला इथे एक चहा पुरतो.
बागमार म्हणाले, "फुकट मिळतं त्याची तक्रार काय करायची, शेठ?"
मी म्हटलं, मागितलं कुणी होतं?
चहावाला अश्फाक म्हणाला, "स्पर्धेतल्या कुणाचं तरी काम."
माझ्या स्पर्धेत कोण, बाबा?
नवा कुकर.
घंटा-समया विकणाऱ्या शैलाताई हसल्या,
"माझं दुकान तर त्यांनी नदीत दाखवलंय,
गोदेच्या मधोमध.
गिऱ्हाईक येतं. कोरडंच येतं."

भाच्याने 'बदल सुचवा' दाबलं.
पलीकडून कुणी अन्वी बोलू लागली,
बाई नव्हे, बाईच्या नावाचं काहीतरी.
"नमस्कार पुंडलिकजी, आज मी आपली काय मदत करू?"
मी लिहिलं, दुकान उघडं आहे.
ती म्हणाली, तुमची अडचण मला समजते.
मी लिहिलं, अडचण नाही, दुकान उघडं आहे.
ती म्हणाली, संयम ठेवल्याबद्दल धन्यवाद.

मग हुकूम आला: सिद्ध करा.
एका दमात, न कापता चित्रफीत काढा,
रस्ता, पाटी, हत्यारं,
आणि कुलूप उघडणारा हात.
एकतीस वर्षं हे कुलूप उघडतोय,
त्या दिवशी पहिल्यांदा किल्ली चुकली.
मध्येच गाय आली.
भाचा म्हणाला, राहू दे, खरं वाटेल.

पाच दिवसांनी उत्तर:
पडताळणी होऊ शकली नाही.
कारण नाही. सही नाही.
हुज्जत घालायला एक खिडकीसुद्धा नाही.
महापालिकेत निदान खिडकी असते,
पलीकडे डबा खाणारा माणूस असतो.

खाली तारे होते, लोकांनी दिलेले.
"म्हातारा फार बोलतो, काम चोख." चार.
"गेलो तर बंद." एक.
त्याची तारीख पाहिली.
त्या दिवशी मी अमरधामला होतो, थोरल्या बहिणीला पोहोचवायला.
फळीवर खडूने लिहून गेलो होतो, दोनला येतो.
दोनला आलोही होतो.
खडू त्यांना दिसत नाही.

काल इंदिरानगरहून एक मुलगी आली,
पिशवीत पाच लिटरचा, हँडल निखळलेला.
"मॅपवर बंद होतं," म्हणाली,
"पण आई म्हणाली, जाऊन तर बघ."
मी पाणी घालून कुकर चढवला,
तीन शिट्ट्या दिल्या,
चौथी उगाच दिली,
पलीकडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

ती गेल्यावर भिंतीकडे पाहत बसलो.
तिथे ऑइलपेंटच्या रेघा आहेत, पुराच्या.
एकोणसत्तर, वडिलांच्या हातची, माझ्या कानाच्या वर.
आठची खांद्याला.
एकोणीसची त्याच्या चार बोटं खाली.
दुतोंड्या मारुती बुडाला
तेव्हासुद्धा आम्ही तिसऱ्या दिवशी चिखल काढून
काउंटर मांडला होता.

डबी उघडली, ब्रश रॉकेलात बुडवून मोकळा केला.
यंदाचं साल लिहिलं.
रेघ मात्र कुठे ओढायची कळेना,
गुडघ्याला, की छताला.
शिडीवर तसाच उभा राहिलो,
आणि खालून कुणीतरी विचारलं,
उघडं आहे का?