दोनशे साठ सेकंद

पुन्ता आरेनास, ऑक्टोबर.
वारा असा की चौकात दोर बांधलेत,
धरून रस्ता ओलांडायला.

रक्तपेढीचे दोन सर्व्हर:
न्यांदू इथे तळघरात,
काइकेन रस्त्यापलीकडे, लोकरीच्या जुन्या गोदामात.
एक पडला तर दुसऱ्याने उभं राहायचं,
एवढाच त्यांच्यातला करार.
सेकंदा-सेकंदाला दोघं कळवत राहतात:
आहे. आहे. आहे.

पावणेदोनला न्यांदूने ठरवलं, काइकेन गेला.
त्याच क्षणी काइकेननेही ठरवलं, न्यांदू गेला.
दोघंही धडधाकट,
दोघांचेही पंखे घोंघावत होते.

गेलेल्याची वीज आधी तोडायची, असा नियम.
अर्धवट जिवंत राहिला
तर एकाच पिशवीचे दोन हिशोब मांडेल.
न्यांदूने काइकेनची वीज तोडली.
काइकेन उठला, चार मिनिटं बरा होता,
मग त्याने न्यांदूची तोडली.

"सूड," मी म्हणालो.
"वेळ बघ," दानित्सा म्हणाली.
ती स्टॉपवॉच लावून बसली होती.

मी केबल बदलली.
नेटमास्क दोन्हीकडचा आकडा-आकडा लावून वाचला.
पॅकेटचं माप इकडे पंधराशे, तिकडे पंधराशे.
फायरवॉलवर आळ घेतला, बिचारी निर्दोष निघाली.
पिंग मात्र जात होता, येत होता,
वाटेत थेंबही न सांडता.
रस्ता आहे, मग निरोप कुठे मरतोय?

वरून एदुविनाचा फोन:
ओ निगेटिव्ह तीन आहेत की सहा?
एकदा हे सांगतंय, एकदा ते.
"फ्रीज उघडून मोजा," दानित्सा म्हणाली.
फोनवर काचेच्या दाराचा आवाज,
मग बराच वेळ काही नाही.
"पाच."

दोनशे साठ सेकंद.
पुन्हा चालू केलं. दोनशे साठ.
तिसऱ्यांदाही दोनशे साठ.
"बिघाड इतका वक्तशीर नसतो," ती म्हणाली,
"ही कुणीतरी घालून दिलेली मुदत आहे.
गुरुवारी काय काढलंत?"

गुरुवारी आम्ही जुना राउटर काढला होता.
आम्ही म्हणजे मी.
नऊ वर्षं कपाटाच्या तळाशी, धुळीत,
ना कुणाचा रस्ता त्याच्यातून जायचा,
ना कुणाला त्याचा पासवर्ड ठाऊक.
फॉर्मवर कारण लिहिलं: काही काम करत नाही.

करत होता.
दर दोन मिनिटांनी सगळ्यांना विचारायचा,
अजून कोणी ऐकतंय का?
आणि न्यांदू, काइकेन हात वर करायचे.
नवा स्विच हुशार.
वर केलेला हात दिसेल त्याच दारी तो निरोप टाकतो.
विचारणारा गेला,
म्हणून हात वर झाले नाहीत,
म्हणून दोनशे साठ सेकंद वाट पाहून
त्याने दार लावून घेतलं.
पिंग जायचा, कारण तो नाव घेऊन हाक मारतो.
ठोका कुणाचं नाव घेत नाही,
जो ऐकेल त्याच्यासाठी असतो.
दोघंही बोलत होते रात्रभर.

स्विचमध्ये एक ओळ लिहिली.
आता तूच विचारत जा, एवढाच तिचा अर्थ.
मग बसून राहिलो.
दोनशे पन्नास.
दानित्साने कॉफीचा कप उचलला, प्यायली नाही.
दोनशे साठ. एकसष्ट.
तीनशेला तिने कप खाली ठेवला.
चारशेनंतर मोजणं सोडून दिलं.

पहाटे पुन्हा एदुविना:
यंत्र म्हणतंय पाच, फ्रीजमध्ये चार.
आम्ही दोघंही ताडकन उभे.
मग तीच म्हणाली, थांबा,
एक आत्ताच वर पाठवली मी,
नोंदवायची राहिली.

काइकेनकडे एक चक्कर मारायला निघालो.
बोळात भंगाराच्या खोक्यात तो राउटर,
वर माझ्याच अक्षरातला कागद.
कागद काढून खिशात घातला,
फाडला नाही.
बाहेर दोर थंडगार होता,
दोन्ही हातांनी धरावा लागला.