डबीची पाठ

पूड खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी
गुडघे आहेत हेच विसरले.
खानापूरच्या बाजारात
छत्रीखाली बसलेल्या माणसानं दिलेली.
जिना चढले, उतरले,
उगाच परत चढले.
दसऱ्यापर्यंत दोन डब्या संपल्या.
लुमाण्णाची आई म्हणाली,
तोंडावर तेज आलंय की, द्रौपदाक्का.

तेज कुठलं. सूज होती ती.
सुनेनं ओळखली.

सून गोकाककडची, महादेवी.
माझं कानडी बाजारापुरतं,
तिचं मराठी मीठ-मिरचीपुरतं.
तिसरी डबी तिनं बल्बखाली धरली.
पुढं पानं, फुलं, एक दाढीवाला ऋषी,
‘शंभर टक्के नैसर्गिक’, तीन भाषांत.
तिनं डबी पालथी केली.
मागं बारीक कानडी, त्यावर तिचं बोट:
अश्वगंधा, निर्गुडी, सुंठ...
आणि बोट थांबलं.
लायसनचा नंबर?
‘इल्ला, अत्ती.’
बॅच, तारीख?
‘इल्ला.’
कुणी केलं, कुठल्या गावात?
नुसता एक मोबाइल. लावला,
तर तो नंबरच अस्तित्वात नव्हता.

नैसर्गिक म्हणजे काय ते मला विचारा.
आमच्या बांधावर काजरा आहे,
फळं अशी नारिंगी की पोरांना चेंडू वाटावीत.
बाप म्हणायचा, लांबून बघ.
तोही शंभर टक्केच.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी
पूड कागदावर ओतून घेतली, तपासायला.
‘मुळ्या एवढ्या घाईत नसतात, आजी.
ह्यात दुसरंच काहीतरी असणार.’
पण एकदम बंद नका करू म्हणाल्या,
मी सांगते तसं, जिना उतरल्यागत, पायरी पायरीनं.
‘रक्तदाबाची गोळी चालू आहे
हे त्या माणसानं विचारलं होतं?’
नव्हतं.
सुटे आहेत का, एवढंच विचारलं होतं.

आता बेळगावात गेलो की
काष्ठौषधीचा दुकानदार आम्हाला बघून कावतो.
दोघी डब्या पालथ्या घालत बसतो,
घेत काहीच नाही.
मला कानडीची सात अक्षरं येतात,
सातही डब्यांच्या पाठीवर शिकले.
गुडघा दुखतो, तो दुखतोच.

कधीतरी एखाद्या डबीवर सगळं सापडतं.
गाव, नाव, नंबर, तारीख.
महादेवी मान हलवते,
‘ऐती, अत्ती.’
मग मी चष्मा पुसते,
आणि डबीचं नाव कागदावर उतरवून घेते,
बाईंना दाखवायला.