कोंबडी पाण्याखाली जाते

चिलोएच्या दक्षिणेला, आमच्या बेटावर,
पुस्तकं होडीतून येतात,
दर दुसऱ्या गुरुवारी, बटाट्याच्या पोत्यांसोबत.
रायेन दीड वर्षाची झाली तेव्हा होडीवाल्यानं
तिच्या हातात एक दिलं: जाड पुठ्ठ्याचं,
कोपरे आधीच कुणीतरी चावलेले.
आत कोंबडी, नदी, पूल, बाजार.
प्रत्येक पानावर दोन ओळी.

मी रात्रपाळीला. कारखान्यात
दहा ते सहा साल्मन उभे चिरते.
झोपवायचं काम नोल्बेर्तोकडे,
जो दिवसभर समुद्राच्या तळाशी असतो,
तोंडात रबरी नळी, वर होडीत हवेचं धडधडणारं यंत्र,
खडकाला घट्ट धरून बसलेले शिंपले सोडवत.

नोल्बेर्तोला वाचता येत नाही.
मला लग्नाच्या दिवशीच कळलं होतं:
नोंदवहीत त्यानं सही केली नाही,
सहीचं चित्र काढलं.
मी बोलले नाही. तोही नाही. सात वर्षं झाली.

एका रविवारी मीच पुस्तक घेतलं.
"कोंबडी पूल ओलांडते," मी वाचलं,
बोट ओळीखालून सरकवत, शाळेत बाई सरकवायच्या तसं.
रायेननं माझं बोट उचललं
आणि बाजूला ठेवलं, ताटातलं नको ते ठेवावं तसं.
पुलाखालच्या निळ्यावर तळवा आपटला:
"अवा!" मग "गेआ!"
मग गाल फुगवून, श्वास रोखून
माझ्याकडे बघत राहिली, लाल होईपर्यंत.

मला पंधरा दिवस लागले ती गोष्ट कळायला,
बावीस महिन्यांच्या बाईंकडून, तुकड्यातुकड्यानं.
कोंबडी पूल ओलांडतच नाही.
कोंबडी पाण्याखाली जाते.
तोंडात मांगेरा, हवेची नळी. तीच गेआ.
बाजार तळाशी आहे. तिथला खेकडा
सुट्टे पैसे कधीच परत देत नाही.
चौथ्या पानावर यंत्र बंद पडतं.
म्हणून श्वास धरायचा, पान उलटेपर्यंत.
शेवटी जो सूर्य छापलाय तो सूर्य नव्हे,
होडीवरचा कंदील. कुणीतरी दोर ओढतंय.

चौथ्या पानाबद्दल
नोल्बेर्तोनं मला कधी सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नाही. नुसती कॉलर नीट केली त्याची,
सकाळी, तो निघताना.

दोन वर्षांच्या तपासणीला नर्स ओदिलिया घरी आली.
किती शब्द बोलते?
मी बोटांवर मोजले. नऊ.
तिचं पेन कागदावर जरा थांबलं.
नोल्बेर्तो टोपी हातात फिरवत म्हणाला,
"एकतीस."
मग उठला, आणि दार लावून घेतलं.

दारामागे, जिथे त्याचा ओला कोट टांगलेला असतो,
फळीवर सुरीनं ओरखडलेलं होतं:
एक नळी. एक कुत्रा, किंवा मेंढी. आकडा.
बूट, एकच. चुलीचं झाकण.
जाळीच्या टोपीतलं एक डोकं, म्हणजे मी.
पोत्यांचा हिशेब ठेवतात तशा पाच-पाचच्या रांगा.
नर्स एकेकावर बोट ठेवी, तो शब्द म्हणे,
तिच्याच बोबड्या उच्चारात,
लाटांवरून ओरडायची सवय झालेला आवाज
सुईत दोरा ओवावा तसा बारीक करून.
टेबलाखालून रायेन दर शब्दाला ओ देत होती.

सगळ्यात खाली एक नुसती वाकडी रेघ.
"आणि हे?"
"पान उलटलं की म्हणते. तूवे.
अर्थ ठाऊक नाही. पण दर वेळी तेच म्हणते.
म्हणून धरला."
नर्स बराच वेळ रेघेकडे पाहत राहिली.
मग तिनं लिहिलं: एकतीस.

गेल्या गुरुवारी कोंबडी परत गेली.
नव्या पुस्तकात ट्रॅक्टर आहे, कोरडं शेत,
पाण्याचा कुठे थेंब नाही.
त्या रात्री मला सुट्टी होती. मी दाराच्या फटीशी उभी.
नोल्बेर्तो पहिल्या चित्राकडे बघत बसलेला,
तळ शोधत असावा.
शेवटी वाट बघून कंटाळून
रायेननंच पान उलटलं,
म्हणाली,
तूवे.