तीन पत्रे, एक कडी

दिंडोरीकडचा माणूस. विहिरीचा गाळ काढताना
सापडलं म्हणाला, किलोच्या भावानं घ्या.
काट्यावर टाकलं: दोन किलो सातशे, कडीसकट.
टिचकी मारली.
जुनं तांबं. आत्ताचं इतक्या हळू बोलत नाही.

गर्गेबाई आल्या, चष्म्यावर भिंग धरून.
घरातून तांदळाचं पीठ मागितलं,
बोटानं अक्षरांत भरलं,
आणि तांबट आळीत, हातोड्यांच्या गलक्यात
बाराशे वर्षांपूर्वीचा एक माणूस
पांढरा होऊन वर आला.

नन्नुक. महासामंत.
बाई वाचत होत्या, मी भट्टी सांभाळत होतो.
पाच वाद्यांचा मान मिळालेला,
म्हणजे तो निघाला की आधी शंख, मग शिंग, मग नगारा.
शत्रूच्या हत्तींची गंडस्थळं फोडणारा.
हत्ती कुठले हो इकडे?
बाई हसल्या. लिहिणारा लिहितो.
राजाच्या पायाच्या नखांनी ज्याचा मुकुट रोज उजळतो.
म्हणजे?
म्हणजे रोज वाकायचं.

त्याच सुमारास, बाई म्हणाल्या, पार पश्चिमेला
फ्रँकांच्या मुलखात असाच एखादा ड्यूक
गार फरशीवर गुडघे टेकून
आपले जोडलेले हात राजाच्या हातांत देत असेल.
तिकडे हात, इकडे कपाळ.
गहाण काय ठेवायचं, तेवढाच फरक.

दुसरा पत्रा.
एकदा फिरला होता नन्नुक.
राजाचा धाकटा भाऊ उठला, तेव्हा हा त्याच्या बाजूनं.
हे सगळं एका शब्दात उरकलंय: माफ केलेला.
बाई तिथे थांबल्या, पुन्हा पीठ भरलं.
माफीनंतर किती घोडे उरले,
मुलगा दरबारात ओलीस होता का,
रात्री दाराला आतून आडणा किती वेळा तपासायचा,
तांब्यात नाही.

तिसरा. सूर्यग्रहण.
गोदेत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून
आईबापाच्या पुण्यासाठी एक गाव दिलं.
पूर्वेला वारूळ. दक्षिणेला कादवा.
पश्चिमेला दोन जांभळी.
उत्तरेला ओहोळ, उन्हाळ्यात नसणारा.
आणि हे जो हिरावून घेईल
तो साठ हजार वर्षं शेणातला किडा.
कडीवर गरुड, चोच झिजलेली.

पुण्यवान माणूस, मी म्हणालो.
बाईंनी भिंग पुसलं. असेल.

त्यांच्यासाठी चहा आला, तेव्हा तिसरा पत्रा मी हातात घेतला.
मला ते अक्षर येत नाही. तांबं येतं.
मागून अंगठा फिरवला.
ठोक होती. बारीक, जवळजवळ. मठारणीची नव्हे.
जुन्या हंड्यावरचं नाव घालवतो आम्ही,
गेलेल्या बाईचं, हंडा विकण्याआधी,
तसली.
उन्हात तिरका धरला.
बाई, म्हटलं, याच्याखाली दुसरं लिहिलंय.

पीठ. पुन्हा पीठ. चहावर साय आली.
नाव लागलं नाही, साल लागलं नाही.
लागलं ते वारूळ,
आणि कादवा, अर्धी,
आणि शेवटी किडा.
तेच गाव. आधीच कुणाला तरी दिलेलं.
ते काढून घेतलं, पत्रे आणवले, सपाट करवले,
आणि त्याच तांब्यावर
तोच शाप पुन्हा कोरून घेतला.
तेव्हा जांभूळ एकच होती.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, वितळवू नका, मी कळवते सरकारात.
आणि पिठाचे हात पदराला पुसत गेल्या.

मी तसाच बसलो, पत्रा मांडीवर.
हे ठोकणारा आमच्यातलाच कुणीतरी.
सांगितलं असेल: काही दिसता कामा नये.
सगळं नीट बसवलंय त्यानं, नाव तर अगदी पाण्यासारखं,
फक्त वारुळावर आणि किड्यावर
हातोडा हलका पडलाय.
दमला असेल.

नसेलही.